पॅसेजच्या पलीकडे झांबिया

एप्रिल लागला की आमचे घरमालक सकाळी जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून ओरडायचे, "पाणी चढलं!"

पहिल्या वर्षी मी धावतच खाली आले होते. मला वाटलं, नळ फुटला. खाली तर सगळं कोरडं. काका हातात कप घेऊन खिडकीशी उभे होते. बाहेर लीड्समधली आमची चढाची गल्ली, एकमेकांना चिकटून बांधलेली लाल विटांची घरं, दारोदार कचऱ्याचे डबे. काकांच्या पत्नी नर्स, त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे; त्या हॉस्पिटलातून ड्यूटी करून नुकत्याच आल्या होत्या. बूट काढता काढता त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. इथलं नाही. तिथलं."

तिथलं म्हणजे आफ्रिकेतलं. झांबेझी नावाची नदी आहे. ती एका ठिकाणी अख्खीच्या अख्खी एका अरुंद दरीत कोसळते. एका अंगाला झांबिया देश, दुसऱ्या अंगाला झिंबाब्वे. खाली दरीवर एक लोखंडी पूल आहे आणि पुलाच्या दोन्ही टोकांना पासपोर्ट बघणारे बसलेले असतात. इंग्रजांनी त्या धबधब्याला आपल्या राणीचं नाव दिलं, पण तिथले लोक त्याला गडगडणारा धूर म्हणतात. काका तेच नाव घ्यायचे. ते तिथे गाईड होते. बस भरून येणाऱ्या लोकांचे नाही, खाजगी. एका वेळी चारच्या वर माणसं घ्यायचे नाहीत. "घोळका धबधबा पाहत नाही," ते म्हणायचे. "घोळका घोळक्याले पाहते."

बोली अशी वऱ्हाडी. अमरावतीकडून ते तरुणपणी झांबियात भूगोलाचे मास्तर म्हणून गेले. वर्गात पोरं झोपायची. एका सुट्टीत कुणा ओळखीच्यांना त्यांनी धबधबा दाखवायला नेलं आणि त्यांच्या लक्षात आलं की इथे कोणी झोपत नाही. मास्तरकी सुटली. सिस्टर मिरजेच्या. नर्स म्हणून तिकडच्या हॉस्पिटलात आल्या आणि तिथेच त्यांचं लग्न झालं. पुढे लीड्सच्या हॉस्पिटलाला नर्स हव्या होत्या, म्हणून सिस्टर इकडे आल्या आणि त्यांच्यामागे काका. वय झालं होतं. इथे त्यांना काम नव्हतं, आणि धबधबाही नव्हता. म्हणून त्यांनी घरातच टूर सुरू केली.

हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसले असते, पण त्या काळात मला लोकांसमोर हसायचीही लाज वाटायची.

आम्ही खोली बघायला गेलो तो दिवस आठवतो. आमचे हे लीड्समध्ये एका रेस्टॉरंटमध्ये शेफ होते आणि आम्हाला राहायला वरची एक खोली पुरे होती. दार उघडलं तर समोर खाकी टोपी, गळ्यात शिट्टी आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेले म्हातारे गृहस्थ.

हे म्हणाले, "नमस्कार काका. खोली बघायला आलोय."

"खोली काही पळून जात नाही," ते म्हणाले. "आधी टूर. आणि काका घरात. टूरवर गाईड म्हणायचं."

आतून सिस्टरांचा आवाज आला, "अहो, ते बूट काढा आधी! कार्पेट माझं आहे, झिंबाब्वे सरकारचं नाही!"

बूट काही निघाले नाहीत. पुढची बैठकीची खोली म्हणजे झिंबाब्वे. दारातून आत पाय टाकला आणि काकांची भाषाच बदलली. वऱ्हाडी गेली आणि पुस्तकातल्यासारखं बोलणं आलं. "मॅडम, आपण कृपया पायांकडे बघा. मी सांगेपर्यंत मान वर करायची नाही." आयुष्यात मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. मी मान खाली घालून चालू लागले. ते काम मला येत होतं.

सिस्टरांच्या कुंड्या ओळीनं लावल्या होत्या. "हे जंगल. बारा महिने ओलं असतं, कारण दरीतून उडणारं पाणी इथे सतत पडत राहतं. आवाज येतोय?" बाहेर बस चढ चढत होती, तिची घरघर येत होती. "हा आवाज आपल्याला गावातूनच ऐकू येत होता. येत होता ना? आता जवळ आलाय. अजून दोन पावलं. हं. आता वर बघा."

समोर खिडकी होती. लीड्समधल्या घरांना पुढे फुगवून काढलेल्या मोठ्या खिडक्या असतात. तिच्यावर वरपासून खालपर्यंत पांढरा जाळीचा पडदा. त्यामागून दुपारचा उजेड येत होता आणि खालच्या हीटरच्या गरम हवेनं पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत हलत होता. काय झालं कोण जाणे, मला पाणी दिसलं. एवढं पाणी की मी मागे सरकले.

काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते पडद्याला पाठ करून उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. मी चटकन मान खाली घातली.

"खोली तुमची," ते ह्यांना म्हणाले.

"पण आम्ही अजून बघितली नाही."

"मी बघितलं ना," काका म्हणाले.

टूरचा क्रम कधी बदलायचा नाही. आधी झिंबाब्वे, कारण त्या बाजूनं धबधबा समोरून आणि जवळजवळ सगळा दिसतो. मग पूल, म्हणजे आमचा पॅसेज, जिथे कोट टांगलेले आणि चपला पडलेल्या असायच्या. पॅसेजच्या पलीकडे स्वयंपाकघर, म्हणजे झांबिया. तिथे धबधबा अंगावर येतो. खऱ्या झांबियात एक अरुंद पादचारी पूल आहे, सुरीच्या पात्यासारखा, आणि त्यावरून जाताना माणूस नखशिखांत भिजतो. आमच्याकडे ती जागा फ्रिज आणि टेबल यांच्या मधली. तिथून एकेकानं आडवं होऊन, फ्रिजला धरून जायचं. काका पलीकडे इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा फवारा घेऊन उभे. सिंक म्हणजे उकळता डोह. नदी दरीतून बाहेर पडताना वळते आणि तिथे पाणी घुसळत राहतं, तो. त्यात कुणी कप विसळायला ठेवलेले त्यांना चालत नसत.

पॅसेजमध्ये पासपोर्ट दाखवल्याशिवाय पुढे सोडत नसत. काहीही दाखवलं तरी चाले. बसचा पास, चमचा, एका छोट्या मुलीनं तर आपला पडलेला दात दाखवला होता. सिस्टरांना मात्र सवलत नव्हती. त्या चहाचा ट्रे घेऊन यायच्या आणि काका मधे हात आडवा धरायचे.

"सिस्टर, पासपोर्ट?"

"हा चहा घेताय की उकळत्या डोहात ओतू?"

"जाऊ द्या यांना," काका आम्हाला म्हणायचे. "डिप्लोमॅट आहेत."

रविवारी पाहुणे यायचे. बहुतेक पुण्या-मुंबईकडची कॉम्प्युटरवाली मुलं, त्यांच्या बायका, आणि उन्हाळ्यात मुलांकडे आलेले आईवडील. त्या आईवडिलांना घरात बसून कंटाळा आलेला असे आणि कुणीतरी सांगे की अमुक गल्लीत एक म्हातारे आहेत, धबधबा दाखवतात. सगळे गंमत म्हणून येत. आणि सगळे, अगदी सगळे, पडदा बघून झाला की एकच वाक्य बोलत, "आमच्या गावाजवळ पण आहे असा एक."

"असेल ना," काका म्हणायचे. "पण तो एकाच देशात पडतो."

माझ्यावर त्यांचा लोभ होता त्याचं एक कारण हेच होतं. "ही पोरगी पहिलं माणूस," ते सगळ्यांना सांगत, "जी आमच्याकडे पण आहे असं म्हणाली नाही." खरं म्हणजे आमचं गाव पाटणच्या बाजूचं आणि आमच्याकडे तीन आहेत. मला ते त्याच दिवशी सांगायचं होतं, पण तोंड उघडलं नाही.

ऑक्टोबर आला की टूर अर्धी व्हायची. त्या दिवसांत नदीचं पाणी उतरतं आणि झांबियाची बाजू जवळपास कोरडी पडते. म्हणून काका पाहुण्यांना स्वयंपाकघरात नेतच नसत. "तिकडं आता नुसते दगड आहेत. खोटं दाखवणार नाही." बर्मिंगहॅमहून एक कुटुंब खास आलं होतं, त्यांनाही पॅसेजमधूनच परत पाठवलं. त्यांच्यातला जावई म्हणाला, "काका, किचन तर किचनच आहे ना, ऑक्टोबर काय नि मे काय!" काका त्याला म्हणाले, "सर, मे महिन्यात या." आणि तो खरंच मेमध्ये आला, दोन मित्रांना घेऊन.

दुसरा एक मुलगा होता, हुशार, सारखा लॅपटॉप बरोबर. तो म्हणाला, "आता नेटवर व्हिडिओ आहेत काका. सगळा फॉल्स दिसतो, दोन्ही साइड्स. दाखवू?" मला वाटलं, काका रागावतील. त्यांनी सगळा व्हिडिओ बघितला, मान डोलावली आणि विचारलं, "यात माणसं कुठं आहेत?" तो म्हणाला, "माणसं कशाला?" काका म्हणाले, "तेच तर."

माणसांची त्यांना भारी हौस. दुपारी मी पोळ्या करत असले की काका टेबलाशी बसून धबधब्यावरच्या पाहुण्यांचं सांगत राहायचे आणि मी ऐकत राहायचे. मला उत्तर द्यावं लागत नसे म्हणून ते मला आवडायचं. एक मोठे वकील होते म्हणे. वाटभर आपले खटले सांगत आले, वर बघितलं आणि लहान मुलासारखं बोट तोंडात घातलं. एक म्हातारी आजी वर बघून हसत सुटली ती थांबेचना. एक नवं जोडपं भांडत भांडत आलं. बाईनं वर बघितलं आणि नवऱ्याचा हात धरला. नवऱ्यानं घड्याळ बघितलं. "त्या दिवशी मले वाटलं," काका म्हणाले, "पुलावरून नेताना या दोघांले दोन देशांत सोडून द्यावं."

एकदा मीच धीर करून विचारलं, "काका, रोज तोच धबधबा. कंटाळा नाही आला?"

"म्या कुठं पायला?" ते म्हणाले. "म्या तर त्याले पाठ करून उभा होतो. पंचवीस वर्षं. पाहुण्याच्या तोंडावर जेवढा दिसला तेवढा पायला." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तसाच चांगला दिसते."

आम्हाला इंग्लंडात कायम राहायचा शिक्का मिळायची वेळ जवळ आली, त्याच सुमारास नवा नियम निघाला. कायम राहायचं असेल तर इंग्रजी बोलून दाखवलं पाहिजे. ह्यांना येत होतं. मला नाही. मी शिकले चौथीपर्यंत, तेही मराठी. पण इंग्रजीचं एवढं नव्हतं, शब्द कानावर पडून पडून कळायला लागले होते. अडचण बोलण्याची होती. सासरी मला मुकी म्हणायचे. पाहुणे आले की जाऊबाई आधीच सांगून टाकायच्या, "ती मुकी आहे, तिला काही विचारू नका." हळूहळू मलाही ते सोयीचं झालं. इथे लीड्समध्ये मला मुकी म्हणणारं कुणी नव्हतं. मला परत जायचं नव्हतं ते एवढ्यासाठी.

हे म्हणायचे, "तुला नाही मिळालं तर मीही राहत नाही. दोघं जाऊ परत." प्रेमानंच म्हणायचे. पण ह्यांची नोकरी, ह्यांची इतकी वर्षं, सगळं माझ्या तोंडावर येऊन थांबलं होतं.

कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, इंग्रजीच्या क्लासला जायला लागले. मिस फार चांगल्या होत्या. मी पहिल्या ओळीत बसून सगळं लिहून घ्यायचे आणि "येस मिस" सोडून काही बोलायचे नाही. तोंडी परीक्षेला गेले. समोर परीक्षक बाई. मी नाव सांगितलं. पुढे त्यांनी काहीतरी विचारलं, मला कळलंही, पण जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. नापास.

घरी येऊन स्वयंपाकघरात रडत होते. सिस्टरांनी पाठीवर हात फिरवला आणि काकांना सगळं सांगितलं.

काका म्हणाले, "काहून वं पोरी? बाई वाघीण होती का?"

"नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या."

"अन् तू कोणाकडे पाहून राहिली होती?"

"माझ्या हातांकडे."

"हेच चुकलं," काका म्हणाले. "मले बोलणं शिकवता येत नाही. तीस वर्षांत सिस्टरसंगं बोलणंच मले जमलं नाही."

"खरं आहे," सिस्टर म्हणाल्या.

"पण टूर देणं शिकवता येते."

मी मान हलवून नाही म्हणाले. ते उठले, आपली टोपी आणली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. ती कानापर्यंत खाली आली.

त्याच सुमारास त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खुर्चीत बसून राहायची सक्ती. पण खुर्ची त्यांनी झिंबाब्वेतच मांडून घेतली आणि माझी तालीम सुरू झाली. माझ्या इंग्रजीला ते कधी हात लावायचे नाहीत. "इंग्रजी सिस्टर पाहतील. तू उभी कुठं राहते ते मी पायतो." मी पडद्याकडे बघत बोलायला लागले की शिट्टी वाजायची. "धबधब्याले तू माहीत आहेस. पाहुण्याकडे पाय." मी जमिनीकडे बघितलं की पुन्हा शिट्टी. पाहुणे म्हणून उशा मांडलेल्या असायच्या. पुढे पुढे सिस्टरांना उभं करायचे. त्या दमून आलेल्या असायच्या, तरी मान खाली घालून कुंड्यांजवळून चालायच्या आणि मी "नाउ लुक अप" म्हटलं की वर बघायच्या आणि जांभई द्यायच्या. काका म्हणायचे, "वा! हा पण चेहराच आहे. पाहून ठेव."

शिकवताना एक गोष्ट त्यांनी कधी चुकवली नाही. टोपी डोक्यावर असली की मला अहोजाहो. "गाईड, आपण जरा डावीकडे सरका." टोपी काढली की, "अवं, चहा टाक." 

गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायला हॉस्पिटलकडून एक तरुण मुलगी यायची. उंच, दणकट, नाकावर तपकिरी ठिपके. दारातच म्हणायची, "ऑल राइट, लव्ह?" पहिल्यांदा लीड्सला आले तेव्हा बसचा ड्रायव्हरही मला लव्ह म्हणाला होता आणि मी घाबरून पुढच्या स्टॉपला उतरले होते. लीड्समध्ये कुणालाही तसंच म्हणतात, आता सवय झाली होती.

एके दिवशी काका तिला म्हणाले, "नो टूर, नो एक्सरसाइज." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "अवर गाईड विल टेक यू, मॅडम."

मी आत पळणार होते. सिस्टर दारात उभ्या होत्या, त्या काही बाजूला झाल्या नाहीत. उलट टोपी माझ्या हातात दिली.

"मॅडम," मी म्हटलं. आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हटलं. "मॅडम. प्लीज लुक डाउन. युवर फीट ओन्ली." तिनं लगेच मान खाली घातली. एवढी मोठी मुलगी, पण माझ्या सांगण्यावरून पायांकडे बघत चालायला लागली. "दिस इज जंगल. ऑलवेज वेट. यू हिअर साउंड?" ती ऐकायला लागली. खरंच ऐकायला लागली, मान तिरकी करून. "टू स्टेप. वन मोर. नाउ लुक अप."

आणि मी पडद्याला पाठ करून तिच्याकडे बघितलं.

कुणाच्या तोंडाकडे मी आयुष्यात तेवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. आधी तिला हसू येत होतं, ते ओठांच्या कडेला होतं. मग ते गेलं. पडद्याचा उजेड तिच्या गालावर हलत होता. मी बघत राहिले, आणि त्या वेळात मी कशी दिसते, माझे हात कुठे आहेत, टोपी कानावर आली आहे का, यातलं काही माझ्या मनातच आलं नाही.

पॅसेजमध्ये तिनं गळ्यातलं हॉस्पिटलचं ओळखपत्र दाखवलं. फ्रिजपाशी मी ओरडले, "होल्ड द फ्रिज, मॅडम! व्हेरी नॅरो!" आणि फवारा मारला. ती किंचाळली आणि हसत सुटली. झिंबाब्वेतून काकांची शिट्टी आली. लांबलचक. मग त्यांनी मुकाट्यानं गुडघा वाकवला.

दुसऱ्यांदा परीक्षेला गेले तेव्हा परीक्षक बाई वेगळ्या होत्या. करड्या केसांच्या, चष्मा साखळीला लावलेल्या. त्या म्हणाल्या, तुम्हाला चांगली माहीत असलेली एखादी जागा सांगा. मी माझ्या हातांकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं. दमलेल्या दिसत होत्या, सिस्टर ड्यूटीवरून येतात तशा.

मी सुरू केलं. पायांकडे बघा म्हटलं नाही, पण जंगल सांगितलं, आवाज सांगितला, वर बघितलं की काय दिसतं ते सांगितलं. क्रियापदं कुठे कशी पडत होती देव जाणे. त्यांचा पेन चालायचा थांबला. मी पूल ओलांडला, दोन देश सांगितले, पासपोर्ट सांगितला. झांबियात आले. "हिअर व्हेरी नॅरो. मच वॉटर. यू होल्ड द फ्रिज."

"सॉरी," बाई म्हणाल्या. "डिड यू से फ्रिज?"

मागच्या वेळी इथेच सगळं संपलं असतं. पण मी त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "येस. फ्रिज इज इन लीड्स. वॉटर इज इन आफ्रिका."

बाई हसल्या. मग त्यांनी मला सगळं विचारलं. घर कुणाचं, टोपी कुणाची, मी धबधबा खरा बघितला आहे का. "नो," मी म्हटलं. "माय गाईड सॉ. इन द पीपल." ते त्यांना नीट कळलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी मान हलवली. शेवटी म्हणाल्या, समजा मी गेले, तर कुठल्या बाजूनं आधी जाऊ?

काकांचं उत्तर मला पाठ होतं. आधी झिंबाब्वे. दुरून सगळा बघायचा, ओळख करून घ्यायची, मग जवळ जायचं. पण मला कधी तसं जमलेलं नाही. दुरून सगळं एकदम समोर आलं की मी मागे सरकते. कुणाबरोबर आधी भांडी घासली, भाजी निवडली, की मगच मला त्या माणसाकडे बघता येतं.

"झांबिया साइड," मी म्हटलं. "फर्स्ट, वेट. आफ्टर दॅट, नो फिअर. देन सी."

पास झाले. मिसनी फोन करून सांगितलं. ह्यांनी रेस्टॉरंटमधून गुलाबजाम आणले आणि सिस्टरांनी मला मिठी मारली, हॉस्पिटलच्या कपड्यांतच.

काकांना सगळं पहिल्यापासून ऐकायचं होतं. बाईंचा चष्मा, त्यांचे केस, पेन कधी थांबला. मी फ्रिजपर्यंत आले तेव्हा ते इतके हसले की गुडघा धरून बसले. मग मी शेवटचा प्रश्न सांगितला आणि माझं उत्तर सांगितलं. काकांचं हसू गेलं.

"झांबिया आधी?"

"हो."

"झिंबाब्वे आधी असते. पंचवीस वर्षं झिंबाब्वे आधी आहे. मग तिले उलटं काहून सांगितलं?"

"काका," मी म्हटलं, "त्यांनी मला विचारलं होतं."

सिस्टर दुसरीकडे बघायला लागल्या. काका उठले, काठी घेतली आणि आपल्या खोलीत गेले. दोन-तीन दिवस त्यांनी मला टूरबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मी चहा घेऊन गेले की "ठेव" म्हणायचे. मला वाईट वाटत होतं, पण मी माझं उत्तर परत घेतलं नाही. ते मनातून हललंच नाही.

रविवारी पाहुणे आले. एक कॉम्प्युटरवाला मुलगा, त्याची बायको आणि साताऱ्याहून आलेले तिचे आईवडील. काकांनी टोपी घातली, बूट घातले, शिट्टी गळ्यात अडकवली. मी जिन्यात उभी राहून बघत होते. मुलाला माहिती होती, तो सासऱ्यांना घेऊन सवयीनं पुढच्या खोलीकडे वळला.

"सर, इकडून," काका म्हणाले, आणि काठी टेकत सगळ्यांना पॅसेजमधून सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेले.

सिस्टर तिथे भाजी चिरत होत्या. "अहो, हे काय? एकदम झांबिया?"

मुलगाही म्हणाला, "गाईडकाका, मागच्या वेळी तर आधी पुढची खोली होती."

काकांनी फवारा हातात घेतला, त्यात पाणी आहे का ते उजेडाकडे धरून बघितलं. जिन्याकडे त्यांनी मान वळवली नाही.

"आमच्या दुसऱ्या गाईड आहेत," ते म्हणाले. "त्यांचं म्हणणं आहे, पाहुण्यांनी आधी भिजावं."